पृष्ठ २१४ च्या समोर

रात्री साडेअकराला पुस्तक उतरायला लागलं.
दोनशे बारा एमबी. कंग्राळीत रेंज तशी बरी,
पण जिन्याखाली नाही; म्हणून गच्चीवर बसलो,
मिरच्या वाळत घातलेल्या गोणपाटाशेजारी.

आधी गावाचं नाव टाकलं. बेळगाव. काही नाही.
बेळगावी. तेही नाही.
मग साहेबाच्या तोंडात वाकडं झालेलं ते जुनं स्पेलिंग,
माझ्या शाळेच्या दाखल्यावर अजून आहे तसं,
तर सतरा पुस्तकं उभी राहिली.
शेजारची सन्मती म्हणाली,
"मामा, बरोबर हाक मारली की ओ देतंय बगा."

अठ्ठावीस वर्षं मी अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात, लॅबमध्ये.
केमिस्ट नव्हे. चिठ्ठ्या चिकटवणारा.
जांबोटीकडून आलेली तांबडी ढेकळं फोडायची, दळायची,
चाळायची, पुडीवर नंबर घालायचा.
टक्के दुसरा कोणी लिहायचा.
धूळ नखांत राहायची, रविवारच्या जेवणातही.

पुस्तकावर कुठल्याशा थंड गावच्या ग्रंथालयाचा शिक्का,
त्यावर आडवा दुसरा: रद्द.
सत्तर वर्षांत तिघांनी घरी नेलेलं.
चाळीस ते साठ पानांतून कसरीनं एकच बोगदा काढलाय,
सरळ, कसलेल्या मिस्त्रीसारखा.
पान एक्याण्णववर एक अंगठा आलाय,
गुलाबी रबरी टोपी घातलेला,
स्कॅन करताना पान धरणाऱ्या कुणाचा तरी.
त्या अंगठ्याशी मी जरा थांबलो.
आमच्याच खात्यातला वाटला.

यंत्रानं अक्षरं स्वतः वाचून काढलीत.
मार्कंडेयचं त्यानं केलंय मार्केट डे.
म्हणजे आमची नदी
बाजाराच्या दिवशी काळ्या खडकावरून वाहते.
फार चुकलेलंही नाही;
शनिवारी भाजीचे टेम्पो त्याच पुलावरून जातात.

पान २१४. तळटीप, मुंगीएवढी.
सन्मतीनं बोट ठेवून अर्थ लावला:
इथल्या एका पाथरवटाने सांगितले,
काळ्या दगडाखाली तेवीस हातांवर
पांढरा, वाळूचा दगड लागतो.
आम्ही विश्वास ठेवला नाही.
पुढे खणून पाहिले. लागला.

नाव नाही. "एका" एवढंच.

माझ्या वडिलांचे आजोबा, लगमाण्णा, इथले पाथरवट.
त्यांची छिन्नी घरात आहे, खिडकीला अडसर म्हणून.
पण तेव्हा पाथरवटांची अकरा घरं होती म्हणतात.
उगाच हक्क सांगणार नाही.

खाली लिहिलंय: नकाशा समोर.
समोर गेलो.
नकाशा आहे, पण घडी घातलेला.
उलगडायला कुणाला वेळ झाला नाही.
मागचं कापड दिसतं, कोपऱ्यात रंगांचे तीन चौकोन,
आणि एक रेष,
काळा दगड संपून पांढरा सुरू होतो तिथली,
बोटभर दिसते आणि घडीत शिरते.

"आता सीमा कुठं हाय, कसं कळणार?" सन्मतीनं विचारलं.
ती दगडाची म्हणत होती.
तरी आम्ही दोघांनी गल्लीत वाकून पाहिलं.

तिनं ग्रंथालयाला मेल पाठवला: कृपया घडी उघडावी.
उत्तर नाही. पाच आठवडे झाले.

काल बसवण्णींच्या प्लॉटात बोअर मारत होते.
गाडी तमिळनाडूची, पोरं पिठात लोळल्यासारखी.
आधी काळी भुकटी, कितीतरी वेळ काळी,
मग एकदम फिकट.
किती फूट, विचारलं. ड्रायव्हरनं बोटांनी सांगितलं.
हातांत मोडून पाहिलं. तेवीस नाही, एकतीस भरले.
दगड काही पाट घालून बसत नाही
प्रत्येकाच्या दारी सारख्या खोलीवर.

सवयीनं मूठभर घेतली. चाळली. पुडी केली.
नंबर. तारीख. जागा. खोली.

सांगणारा, असा रकाना
आमच्या चिठ्ठीवर कधीच नव्हता.
तो पेनानं आखला,
आणि शाई वाळेपर्यंत
हात तसाच वर धरून बसलो.